मदत हवी आहे: खाली उतरवलेल्या पोलो जीटीला 17 इंची चाकं

गाडी ३५ मिमी खाली, टायर १९५/५५ आर१६ (रुंदी मिमीत / उंची रुंदीच्या टक्क्यात, रिम इंचात), अलॉय रिम ६.५ इंच रुंद, ईटी ४५ (ईटी म्हणजे ऑफसेट: हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर; आकडा कमी तितकं चाक बाहेर). आता १७x७.५ ईटी ३८ घ्यायचा विचार आहे. हिशेबाने चाक बाहेर १९.७ मिमी आणि आत स्ट्रटकडे (सस्पेन्शनच्या उभ्या खांबाकडे) ५.७ मिमी सरकतं. मागे चार माणसं बसली की फेंडरची (चाकावरच्या पत्र्याची) कड टायर खाणार, ही खरी भीती.

टायर २०५/४५ की २१५/४५? व्यास अनुक्रमे ६१६ आणि ६२५ मिमी, मूळ ६२१. फरक थोडाच, म्हणून स्पीडोमीटरचा प्रश्न नाही. २०५ घेतला तर लोड इंडेक्स (वजन पेलण्याचा आकडा) ८८ एक्सएल, म्हणजे जादा भाराचा, मिळेल, पण साइडवॉल (टायरच्या बाजूची उंची) ९२ मिमीच. विजापूर रोडच्या खड्ड्यात रिम वाचेल?

पीसीडी (बोल्टची संख्या x त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ५x१००, हब (मधलं भोक) ५७.१ मिमी, हबची रिंग आणि कोनिकल (शंकूच्या बैठकीचे) बोल्ट घेणारच. सोलापुरात फेंडर रोलिंग (फेंडरची कड आत दुमडणं) रंग न तडकवता कोण करतं? की सरळ ईटी ४२ बघू?