मदत हवी आहे: गॅरेजच्या खोलीत प्लायचा फ्लोअर आणि वर कार्पेट

मंडळी, गॅरेजची खोली करतोय, भिंती-छत झालं, आता गाडं जमिनीवर अडलंय. खाली काँक्रीटचा स्लॅब आहे आणि पाणी बाहेर जावं म्हणून त्याला शटरकडे उतार दिलेला, दोन टोकांत जवळपास दोन इंचांचा फरक येतोय.

प्लॅन असा की आधी जाड प्लास्टिक शीट, त्यावर उताराच्या मापाने तासलेल्या लाकडी पट्ट्या, मधल्या गॅपमध्ये थर्माकोल, वर 18 एमएमचा प्लाय भिंतीपासून 10 एमएम जागा सोडून, आणि मग फोम टाकून कार्पेट. पण प्लास्टिकचा एक तुकडा चारी बाजूंनी टेप मारून स्लॅबवर ठेवला होता तर दुसऱ्या दिवशी त्याला आतून दव धरलेलं आणि खालचा स्लॅब काळपट. म्हणजे ओल खालूनच येतेय ना? मग नुसत्या शीटवर भागेल की आधी इपॉक्सीचा कोट मारावाच लागेल? सुतार म्हणतो काही होत नाही, पण बुरशी त्याच्या घरात थोडीच येणारे!

दुसरं म्हणजे पट्ट्या स्लॅबला स्क्रूने बसवल्या तर त्याच प्लास्टिकला भोकं पडणार, मग ते टाकून उपयोग काय? कोणी न ठोकता नुसता तरंगता फ्लोअर केलाय का, चालताना करकरतो का?

आणि कार्पेट चिकटवायचं की कडेने खिळ्यांच्या पट्ट्यांवर ताणून बसवायचं? मला ताणलेलं बरं वाटतंय, पुढेमागे कोपरा उचलून खाली बघता तरी येईल.