मदत हवी आहे: लेथब्रिजमधल्या मंडळींना एक प्रश्न

नमस्कार. आम्ही दोन वर्षांपासून लेथब्रिजला (अल्बर्टा) राहतो. ब्लॅकफूट या इथल्या मूळनिवासी लोकांपैकी कायनाई समाजाचा रिझर्व्ह (त्यांच्यासाठी राखून ठेवलेली जमीन) इथून जवळच आहे, क्षेत्रफळाने कॅनडातला सगळ्यात मोठा. माझ्या मुलीची जिवलग मैत्रीण तिथली. परवा दोघी एका दुकानात गेल्या, तर गार्ड त्या मैत्रिणीच्याच मागे मागे फिरत राहिला. मुलीने घरी येऊन विचारलं, "आई, मी पण सावळीच आहे, मग तिच्याच मागे का?" मला उत्तर सुचलं नाही.

त्याहून अवघड गोष्ट आपल्याच माणसांची. गणपतीच्या जेवणाला एक काका म्हणाले, "यांना सगळं फुकट, टॅक्ससुद्धा नाही." मी सांगितलं की करसवलत मुख्यतः रिझर्व्हवरच्या कमाईला आणि खरेदीला असते, शहरातल्या नोकरीवर तेही आयकर भरतात. सरकारशी झालेल्या १८७७ च्या सातव्या करारानंतर (ट्रीटी ७) त्यांची जमीन गेली, १८८५ पासून रिझर्व्हबाहेर पडायला सरकारी एजंटाचा पास लागायचा, मुलांना घरापासून तोडून, त्यांची भाषा-संस्कृती पुसणाऱ्या निवासी शाळांत नेलं. पण 'रिझर्व्ह' म्हटलं की आपल्याकडे थेट आरक्षणाचा वाद सुरू होतो, आणि मग पुढचं कोण ऐकतंय!

तर विचारायचं असं: दुकानात मुलींनी काय करावं? तक्रार मी करावी की आधी त्या मैत्रिणीच्या आईला विचारावं? तिला न विचारता पुढे जाणं मला आगाऊपणाचं वाटतं. आणि ३० सप्टेंबरच्या (निवासी शाळांतल्या मुलांच्या स्मरणदिनाच्या) कार्यक्रमाला आपण सहकुटुंब गेलेलं त्यांना चालतं ना? कुणी गेलं असेल तर जरूर सांगा.