मदत हवी आहे: भीमथडी जत्रेला सासूबाई आणि लेकीला घेऊन जायचंय

डिसेंबरात भीमथडी जत्रेला, म्हणजे बचत गटांच्या बायकांच्या खाण्याच्या आणि वस्तूंच्या स्टॉलच्या मेळ्याला, अख्खा दिवस काढायचा बेत आहे. पुण्यात सिंचननगरच्या मैदानावर जे दरवर्षी जातात, त्यांनी कृपया सांगा.

सासूबाई ७६ वर्षांच्या, मूळच्या जळगावकडच्या. त्यांना खापरावरचे मांडे होताना बघायचेत. पुरण भरलेली पोळी दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि उलट्या खापरावर अलगद सोडायची, हे त्यांच्या आईचं काम. स्वतः त्यांनी वीस वर्षांत केलेलं नाही. तिथे मांडे करणाऱ्या बचत गटाच्या बायकांशी अहिराणीत चार शब्द बोलता आले तर त्यांना किती आनंद होईल! पण गुडघे दुखतात, एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त उभं राहवत नाही. आत बसायला खुर्च्या असतात का? व्हीलचेअर मातीवरून चालते का?

दुसरी काळजी मोठी आहे. सहा वर्षांच्या लेकीला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. मागे एका लग्नात भरल्या वांग्याच्या रश्श्याचा एक घास पोटात गेला आणि ओठ सुजले, रात्र दवाखान्यात गेली. आपल्याकडे कूट कशात नसतं? भरीत, ठेचा, खिचडी, कधी तेलही शेंगदाण्याचं. स्टॉलवर विचारलं तर बायका नीट सांगतात का? डबा घरून नेणारच आहे, पण तिलाही तिथलं काहीतरी गरम खायला मिळावं असं फार वाटतं. भाजलेलं कणीस, हुरडा चालेल, सोबतची शेंगदाण्याची चटणी बाजूला ठेवली तर.

चिंचवडहून मेट्रोने शिवाजीनगर आणि पुढे रिक्षा बरी, की गाडीच आणावी? सकाळी लवकर गेलं तर मांडे सुरू झालेले असतात का?