सोलरचे पैसे खरंच साडेचार वर्षांत वसूल होतात का?

प्रश्न
छतावर 3 किलोवॉटचं सोलर बसवायचा विचार आहे, बॅटरीशिवाय. कोटेशनमधला हिशेब असा: रोज 5 तास ऊन, म्हणजे 3 × 5 × 365 = 5,475 युनिट. एकूण खर्च आजच्या दराने 24,000 युनिटांच्या किमतीइतका. म्हणजे साडेचार वर्षांच्या आत वसूल. दिवसा घरात फारसं कुणी नसतं. आकडा पटत नाही, पण चूक नेमकी कुठे आहे?

प्रतिसाद 1
दोन ठिकाणी. 5 तास हे पॅनेलवर पडणारं ऊन झालं, मीटरवर आलेली वीज नव्हे. पॅनेलचं रेटिंग सेल 25 अंशांवर असताना काढतात. भर दुपारी सेल 60 अंशांवर गेला की दर अंशाला साधारण 0.35 टक्के घट, म्हणजे त्या वेळी 12 टक्के तिथेच गेले. धूळ, वायर, इन्व्हर्टर (पॅनेलची डीसी वीज घरात चालणाऱ्या एसीत बदलणारं यंत्र) सगळं धरून वर्षाच्या आकड्याला 0.77 ने गुणा. साधारण 4,200 युनिट.

दुसरी चूक जास्त महाग: सगळ्या युनिटांना पूर्ण दर लावलाय. नेट मीटरिंग असेल तर दिलेलं युनिट घेतलेल्या युनिटातून वजा होतं, मग ठीक. नेट बिलिंग असेल तर ग्रिडला दिलेल्या विजेचा दर वेगळा, बहुधा बराच कमी. समजा 40 टक्के वीज घरात वापरली आणि विक्रीचा दर खरेदीच्या 0.4 पट आहे. तर 1,680 + (2,520 × 0.4) = वर्षाला 2,688 पूर्ण दराच्या युनिटांइतकी बचत. त्यातून देखभालीचे खर्चाच्या 1 टक्का, म्हणजे 240 वजा. 24,000 ÷ 2,448, जवळजवळ 10 वर्षं!

प्रतिसाद 2
वरच्यात भर. वीजबिलाला खालच्या टप्प्याला कमी, वरच्याला जास्त दर असेल तर सोलर आधी वरचा, महाग टप्पा खातं. त्यामुळे बिल ÷ युनिट असा सरासरी दर धरू नका, शिवाय त्यात स्थिर आकारही मिसळतो आणि तो सोलरने कमी होत नाही. 12 महिन्यांची बिलं काढा आणि महिन्यागणिक मांडा.

सावली बघितली का? साध्या पॅनेलमधल्या सेलचे तीन उभे गट असतात, आणि गटातला एक सेल झाकला की अख्खा गट अडतो. पॅनेल उभं लावलं आणि कठड्याची सावली खालच्या एकाच ओळीवर पडली, तरी तिन्ही गट अडतात आणि पॅनेल जवळपास बंद. तेच आडवं लावलं तर एकच गट जातो. हाफ-कट पॅनेल (अर्धे कापलेले सेल, वरचा आणि खालचा भाग वेगळा जोडलेला) उभं असेल तर निम्मं चालू राहतं.

प्रश्नकर्ता
नेट बिलिंगच आहे. मग बॅटरी घ्यावी का?

प्रतिसाद 1
आधी फुकटातला उपाय. गीझर, पंप, वॉशिंग मशीन टायमरने 11 ते 3 मध्ये आणा. घरचा वापर 60 टक्के झाला तर 2,520 + 672 − 240 = 2,952, म्हणजे 8 वर्षांच्या आसपास. बॅटरीची कमाई म्हणजे खरेदी आणि विक्री दरातला फरक, पूर्ण दर नव्हे. बॅटरीची किंमत ÷ (वापरता येणारी क्षमता × आयुष्यभरातली चार्ज-डिस्चार्जची चक्रं) हा आकडा त्या फरकापेक्षा कमी येत नसेल तर राहू द्या.

प्रतिसाद 2
आणि 10-12 वर्षांनी एक इन्व्हर्टर बदलावा लागेल असं धरा. परतफेड दहाव्या वर्षी येत असेल तर तो खर्च नेमका त्याच सुमारास उभा राहतो. कोटेशनमध्ये तो नसतोच.