सल्ला हवा: ज्या कंपनीने घडवले, ती सोडावी का? (विमान देखभाल)

धागाकर्ता:
नमस्कार. मी मुंबईत एका विमान कंपनीत देखभाल अभियंता आहे. २०१८ साली मदतनीस तंत्रज्ञ म्हणून लागलो. २०२० च्या टाळेबंदीत विमाने महिनोन्महिने उभी होती, तेव्हा पगार कापला गेला, पण आमच्या विभागातून कोणालाही काढले नाही. पुढे बी-१ परवाना (विमानाच्या सांगाड्याच्या व इंजिनाच्या देखभालीचा) मिळाल्यावर एअरबस ए-३२० चे टाइप प्रशिक्षणही, म्हणजे त्या विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण, कंपनीने स्वखर्चाने दिले आणि तीन वर्षे नोकरी न सोडण्याचा बॉण्ड लिहून घेतला. त्याचे सात महिने उरले असताना दुसऱ्या कंपनीने बोईंग ७८७ चे प्रशिक्षण आणि दीडपट पगार देऊ केला आहे. ज्यांच्या हाताखाली शिकलो, त्या शिफ्ट प्रमुखांच्या रात्रपाळीत देखभालीनंतर विमानाला मंजुरीची सही करणारे आम्ही तिघेच आहोत. मी काय करावे?

प्रतिसाद १ (निवृत्त अभियंता):
तुमची घालमेल समजते आणि ती तुम्हाला शोभणारीच आहे. मात्र एक लक्षात घ्या. परवाना डीजीसीएचा (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा), म्हणून तो तुमच्यासोबत येतो. पण विमान उड्डाणयोग्य असल्याची सही करण्याचा अधिकार कंपनी देते आणि तो राजीनाम्याबरोबर संपतो. मागील दोन वर्षांत सहा महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव असल्याशिवाय परवान्याचे अधिकार वापरता येत नाहीत. त्यामुळे ७८७ चा वर्ग कधी सुरू होणार आणि तोवर तुम्हाला कोणत्या विमानावर काम देणार, हे नव्या कंपनीकडून लेखी घ्या. नुसत्या आश्वासनावर हँगरमध्ये वर्षभर रिकामे बसलेले अभियंते मी पाहिले आहेत. राहिला निष्ठेचा प्रश्न. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेट एअरवेजचे शेवटचे विमान अमृतसरहून मुंबईला निघाले आणि कंपनी थांबली, तेव्हा तिथल्या माणसांची निष्ठा कमी पडली नव्हती. २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट ही विमान कंपनी थांबली, तेव्हाही नाही. माझ्या मते संधी घ्यावी. केवळ ऋण वाटते म्हणून आयुष्यभर एकाच प्रकारच्या विमानावर राहू नये.

प्रतिसाद २ (वकील):
वरील मताशी मी बऱ्याच अंशी सहमत आहे, परंतु ‘बॉण्ड हा नुसता कागद असतो’ हा अनेकांचा समज घातक आहे. नोकरी सोडल्यानंतर दुसरीकडे काम करण्यास मनाई करणारी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. नोकरीतील किमान कालावधीची अट मात्र वेगळी. विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये मुदतीआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अशी अट वैध ठरवली. वैमानिकांना डीजीसीएच्या २०१७ च्या नियमाने कमांडरसाठी एक वर्ष आणि सहवैमानिकासाठी सहा महिने नोटीस द्यावी लागते, आणि ती न देता निघून गेलेल्यांविरुद्ध अकासा एअर २०२३ मध्ये न्यायालयात गेली होती. तो नियम वैमानिकांपुरता आहे. तुम्ही तुमचे नियुक्तिपत्र आणि बॉण्डमधील परताव्याचे कलम नीट वाचा. शक्य असेल तर सात महिने पूर्ण करा.

धागाकर्ता:
दोघांचेही मनःपूर्वक आभार. बॉण्ड संपल्यावर रुजू होता येईल का, आणि ७८७ च्या वर्गाची तारीख कोणती, असे नव्या कंपनीला आजच लेखी विचारले आहे. शिफ्ट प्रमुखांना मात्र उत्तर येण्याआधीच, उद्याच्या रात्रपाळीत स्वतः सांगणार आहे. त्यांना ही गोष्ट बाहेरून कळावी, असे मला वाटत नाही.