मदत हवी आहे: ट्रेलर जोडून फोंडा घाटातून मालवण

तांबडा_पांढरा
मंडळी, नाताळच्या सुट्टीत ट्रेलर मागं जोडून कोल्हापूरहून मालवणला जायचं चाललंय. आम्ही दोघं, दोन पोरं आणि आई. ट्रेलर म्हणजे आत झोपायची सोय असलेला कॅराव्हॅन, मेव्हण्यानं उद्यमनगरात बनवून घेतलाय. पासिंग झालंय, नंबर पाटी आहे, कागदाची काळजी नाही. रिकामा साडेपाचशे किलो, सामानासकट सातशेच्या घरात. ओढायला डिझेल स्कॉर्पिओ. पण पन्हाळ्याच्या पुढं अजून नेलेला नाही.

रस्ता राधानगरी, दाजीपूर, फोंडा, कणकवली, कसाल असा धरलाय. की गगनबावड्यावरून करूळ घाट बरा? (भुईबावड्याचं नाव काढू नका, तिथली वळणं बघून आलोय.) गळीत हंगाम असल्यानं परित्यापर्यंत उसाच्या दोन-दोन ट्रॉल्यांमागं रांगत जायचं, त्याला इलाज नाही.

खरी अडचण मुक्कामाची. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्येच आलं, पण मला पार्क-बिर्क नसला तरी चालेल. सपाट जागा, १६ अँपिअरचा सॉकेट, पाणी आणि आईसाठी जवळ पक्का संडास, एवढंच पाहिजे. तारकर्ली-देवबागला समुद्राला लागून लावता येईल का? उठल्यावर दारातून पाणी दिसलं पाहिजे असा पोरांचा हट्ट. आईला सिंधुदुर्गातल्या शिवराजेश्वराचं दर्शन घडलं की झालं, बाकी तुमचं तुम्ही बघा म्हणते.

शिवाय १०० लिटरची टाकी आहे, मागच्या टोकाला. इथूनच भरून न्यावी का? बाहेरचं पाणी पोरांना बाधतं, असं हिचं म्हणणं.

उतारावरचा_गियर
टाकी अजिबात भरू नका. १०० लिटर म्हणजे १०० किलो, तेही शेवटाला. त्यानं पुढचं टोक हलकं होतं. हुकावर एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पडायला हवा, म्हणजे तुमच्या ट्रेलरला किमान सत्तर किलो. सपाट जागेवर घरातला वजनकाटा घ्या, त्यावर लाकडाचा ठोकळा उभा करा, ठोकळ्यावर ट्रेलरचं तोंड टेका आणि आकडा वाचा. ठोकळा हुकाच्या उंचीचा घ्या. कमी भरला तर जड सामान चाकाच्या पुढं सरकवा. नाहीतर उतारावर ट्रेलर शेपूट हलवायला लागेल, आणि तेव्हा स्टिअरिंगशी झटापट केली तर जास्तच हलेल. स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ॲक्सिलरेटर सोडायचा. पिण्याचे कॅन गाडीत ठेवा, वहिनींचंही समाधान.

ट्रेलरला स्वतःचा ब्रेक आहे का?

तांबडा_पांढरा
आहे, ओव्हररन. गाडी हळू झाली की ट्रेलर पुढं ढकलतो, दांडा आत जातो आणि ड्रम धरतो.

उतारावरचा_गियर
मग घाटात त्याच्याकडंच लक्ष ठेवा. तुम्ही इंजिनवर गाडी धरली तरी मागून ट्रेलर रेटतच राहतो, म्हणजे त्याचे ड्रम अख्खा उतार घासत येणार. जो गियर चढायला लागला असता त्यातच उतरा. रुंद जागा दिसली की थांबून चाकाजवळ हात न्या, लांबूनच धग लागली तर चहा होईपर्यंत उभे राहा. तापलेल्या ड्रमवर पाणी ओतायचं नाही. थांबल्यावर चाकांना लाकडी ठोकळे लावा.

करूळ की फोंडा, हे आदल्या दिवशी वाहतूक कुठून सुरू आहे ते विचारून ठरवा. मी फोंडाच घेतो. फक्त दाजीपूर उजेडात पार करा, तिथं गवे रस्त्यावर येतात.

पुळणीवरची
मी मालवणची. देवबाग नको, दादा. एका अंगाला कर्ली खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे चिंचोळी पट्टी आणि रस्त्याला चिकटून गडगे. नाताळात समोरून गाडी आली की कुणीतरी रिव्हर्स घ्यायचा, आणि ट्रेलरसकट तो तुम्हालाच घ्यावा लागेल.

पुळणीत तर चाक घालूच नका. वर कोरडी दिसते, पण वजन आलं की बसते. भरतीही रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते आणि पौर्णिमा-अमावास्येला पाणी जास्त वर चढतं. काल मोकळी होती म्हणून आज असेल असं नाही.

घरगुती निवासवाल्यांना विचारा. एक खोली घ्या, ट्रेलर त्यांच्या खळ्यात लावा. आईंना संडास मिळेल, सॉकेट मिळेल. अर्थिंग आहे का ते आधी बघा. लावताना वर बघायला विसरू नका: माडाखाली लावलात तर एक नारळ छपराला पुरेसा आहे, झावळीही काही हलकी नसते. साबणाचं पाणी माडाच्या आळ्यात सोडा, विहिरीपासून लांब. किल्ल्याला सकाळीच जा, जेटीकडं नुसती गाडी न्या. बाजारपेठेत ट्रेलर वळणार नाही. पोरांना समुद्र चालत जाऊन बघू दे.

तांबडा_पांढरा
खोलीची कल्पना आईला पटली, पोरं फुगलीत. फाटक किती रुंद विचारू?

उतारावरचा_गियर
फाटकापेक्षा त्याच्यासमोरचा रस्ता किती रुंद ते विचारा, ट्रेलर वळवायला तो लागतो. फोटो मागितला की लोक अंगणातून काढून पाठवतात. रस्त्याच्या पलीकडून काढलेला मागा.