‘बेपत्ता’: झालेले की केलेले?

पैलतीर:
नेपाळमधल्या यादवीनंतरच्या न्यायप्रक्रियेवर एका मासिकासाठी लेख लिहिते आहे. माओवाद्यांनी १३ फेब्रुवारी १९९६ला सुरू केलेलं युद्ध २१ नोव्हेंबर २००६च्या शांतता कराराने थांबलं. सुमारे १७ हजार माणसं गेली. तेराशेहून जास्त माणसांचा आजही ठावठिकाणा नाही. त्यांचा शोध घ्यायला २०१५ साली आयोग बसला, त्याचं नाव ‘बेपत्ता पारिएका व्यक्तिको छानबिन आयोग’. संपादकांचं म्हणणं, ‘बेपत्ता व्यक्ती चौकशी आयोग’ लिहा, सुटसुटीत आहे. माझा जीव ‘पारिएका’त अडकलाय. नेपाळीत ‘बेपत्ता भएका’ म्हणजे बेपत्ता झालेले आणि ‘बेपत्ता पारिएका’ म्हणजे बेपत्ता केले गेलेले. आपल्याकडे ‘बेपत्ता’ला सहसा ‘होणे’ नाहीतर ‘असणे’च लागतं. जत्रेत चुकलेलं पोर बेपत्ता, वादळात सापडलेले मच्छीमार बेपत्ता, पतपेढी बुडवून पळालेला अध्यक्षही बेपत्ताच. रात्री घरातून उचलून नेलेल्या माणसाला या रांगेत कसं बसवायचं? ‘बेपत्ता केलेली माणसं’ मराठीत चालेल का?

थेंब:
न चालायला काय झालं? बेघर होणे, बेघर करणे. बेजार होणे, बेजार करणे. बेचिराख, बेदखल, सगळ्यांना दोन्ही क्रियापदं लागतात. ‘कुळं बेदखल केली’ म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, कोणी केली? ‘बेपत्ता केली’ म्हटल्यावरही तोच प्रश्न पडला पाहिजे. हे अडतं ते कानाला, व्याकरणाला नाही. कान सवयीने तयार होतो.

फक्त ‘बेपत्ता करण्यात आलेल्या व्यक्ती’ असं लिहू नका. त्याला शासन निर्णयाचा वास येतो. नेपाळी रूपही कर्मणीच आहे हे खरं, करणारा त्यातही दिसत नाही. पण ते दोन शब्दांत आटपतं. मराठीत लांबण लावली की धार जाते.

दूरदेशी:
‘गायब केलेले’ का नको? बोलण्यात तर तेच येतं. ‘गडप’ही आहे. आणि गावात विचाराल तर लोक सरळ ‘उचलला’ म्हणतील.

थेंब:
‘गायब’ला जादूच्या प्रयोगाची सवय लागली आहे, फ्रिजमधली मिठाईही गायब होते. ‘गडप’ बातमीच्या मथळ्याला बरा, आईच्या तोंडी शोभत नाही. ‘उचलला’ हा खरा लोकांचा शब्द, पण तो पहिल्या रात्रीपुरता. उचललेला माणूस चार दिवसांनी सुटूनही येतो. इथे प्रश्न आहे तो पाचव्या दिवसापासूनचा, जेव्हा ठाणं म्हणतं की असा कोणी आमच्याकडे आणलाच नव्हता. ‘नाहीसे करणे’ मला जवळचा वाटतो, पण त्यात मृत्यू जवळजवळ गृहीत धरला जातो. तो गृहीत धरायचा नाही हीच तर त्या घरांची मागणी असते.

कायदेपान:
थेंब यांनी ‘आणलाच नव्हता’वर बोट ठेवलं ते फार बरं झालं, कारण कायद्याची व्याख्या तिथेच उभी आहे. शासनाच्या माणसांनी किंवा शासनाच्या पाठबळावर कोणी तरी एखाद्याला ताब्यात घ्यायचं, मग ताब्यात घेतल्याचंच नाकारायचं किंवा तो कुठे आहे ते दडवायचं, आणि असं करून त्याला कायद्याच्या आसऱ्याबाहेर ढकलायचं. म्हणून ‘अपहरण’ हा शब्द इथे अपुरा पडतो. अपहरण करणारा खंडणीसाठी का होईना, निरोप तरी धाडतो.

काव्रे जिल्ह्यातल्या मैना सुनुवारचं प्रकरण बघा. फेब्रुवारी २००४. वय १५. तिची आई देवी हिने आपल्या भाचीच्या हत्येबद्दल उघडपणे बोलायला सुरुवात केली होती, म्हणून सैनिक आईला शोधत घरी आले. आई घरी नव्हती, मुलीला घेऊन गेले. पाँचखालच्या बराकीत तिचं डोकं पाण्यात बुडवलं, विजेचे झटके दिले, त्यात ती मेली. घरच्यांनी चौकशी केली तेव्हा सैन्याने ती आपल्याकडे असल्याचं नाकारलं. प्रेत बराकीच्या आवारातच पुरलेलं होतं, ते २००७ साली उकरून काढलं. सैनिकी न्यायालयाने अधिकाऱ्यांना सहा महिन्यांची शिक्षा दिली आणि ती भोगून झाली असंही ठरवून टाकलं. सैन्याबाहेरचं, म्हणजे काव्रे जिल्हा न्यायालय एप्रिल २०१७ मध्ये तीन अधिकाऱ्यांना जन्मठेप देऊ शकलं, तीही त्यांच्या गैरहजेरीत.

आता सांगा, मधल्या काळात ती मुलगी ‘बेपत्ता’ होती असं लिहायचं? ती कुठे आहे हे बराकीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पत्ता फक्त आईला नव्हता. ‘बेपत्ता’ या शब्दात पत्ता कोणालाच नाही असा भास होतो, आणि माझ्या मते त्यात लिहिणाऱ्याच्या हातून नकळत सैन्याच्या बाजूची साक्ष होते. क्रियापद बदलणं म्हणूनच गरजेचं आहे.

नेपाळच्या २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेत कलम २०६ खाली हा स्वतंत्र गुन्हा आहे, ‘बलपूर्वक बेपत्ता’ पाडण्याचा. भारताने याविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारावर २००७ साली सही केली, पण तो अजून अनुसमर्थित केलेला नाही, आणि आपल्या दंडसंहितेत या गुन्ह्याला वेगळं नाव नाही. मराठीत शब्द रुळला नाही याचं हेही एक कारण असावं. कायद्यात जो गुन्हाच नाही त्याला वर्तमानपत्रं कशाला नाव देतील?

पैलतीर:
कायदेपान, आभार. ‘बलपूर्वक बेपत्ता’ मात्र मला खटकतं. बळ पकडण्यात वापरलं जातं, बेपत्ता करण्यात नाकबुली लागते. काठमांडूत महाराजगंजला सैन्याच्या भैरवनाथ गणाची, म्हणजे बटालियनची, बराक आहे. २००३ साली तिथे कोंडलेल्यांपैकी ४९ जणांची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने मे २००६च्या अहवालात केली. कैद्यांची डोकी महिनोन्‌महिने झाकून ठेवलेली असत. राजधानीत, वस्तीच्या मधोमध. ही माणसं जगाच्या नजरेआड नव्हती, जगाला सांगितलं जात होतं की ती नाहीतच. आणि हे एका बाजूनेच झालं असंही नाही. मोठा वाटा शासनाचा, पण माओवाद्यांनीही माणसं नेली आणि परत आणली नाहीत.

आता माझा पुढचा आणि जास्त नाजूक प्रश्न. अशा माणसाच्या बायकोला काय म्हणायचं? नेपाळमध्ये लग्न झालेल्या बाईच्या भांगात सिंदूर, गळ्यात पोते म्हणजे बारीक मण्यांची माळ, हातात लाल बांगड्या. बेपत्ता केलेल्यांच्या कितीतरी बायकांनी हे उतरवायला नकार दिला. सासरचे टोमणे मारत, नवरा नाही आणि नटते कुणासाठी? उतरवलं असतं तर आपणच त्याला मेलेला ठरवल्यासारखं झालं असतं. पश्चिमेकडच्या बर्दिया जिल्ह्यात तर हे घरोघर होतं. तिथल्या थारू आदिवासींच्या वस्त्यांतून नेपाळमधली सर्वात जास्त माणसं नेली गेली. ‘विधवा’ लिहू शकत नाही, ‘सधवा’ लिहवत नाही.

थेंब:
आपल्याकडचे शब्दही इथे उघडे पडतात. सवाष्ण, सौभाग्यवती, गंगाभागीरथी. बाईचं नाव लिहिण्याआधी नवऱ्याचं असणं-नसणं सांगायची ही आपली रीत. मधली जागाच नाही. ‘परित्यक्ता’ही नाही, कारण त्याने टाकलेलं नाही.

नेपाळी चळवळीनेच यावर शब्द शोधला आहे ना? ‘एकल महिला’. लिली थापा यांनी १९९४ मध्ये स्थापन केलेल्या संघटनेने ‘विधवा’ हा शब्द टाकून तो धरला.

दूरदेशी:
आणि तो महाराष्ट्रात परका नाही. कोरोनात ज्यांचे नवरे गेले त्यांच्या कामात ‘एकल महिला’ हाच शब्द रुळला. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामपंचायतीने कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं बंद करण्याचा ठराव केला, तेव्हापासून तर गावपातळीवरही हे बोललं जातं. मराठी वाचकाला बर्दियाच्या बायका समजायला हेरवाडचा धागा उपयोगी पडेल.

थेंब:
धागा जोडा, पण फरक सांगून. हेरवाडला प्रश्न होता तो नवरा गेल्यावर बाईच्या अंगावर काय राहावं याचा. बर्दियात नवरा गेला की नाही हेच कोणी सांगत नाही. जमीन नावावर करायची तर मृत्यूचा दाखला मागतात; आपल्याकडे सात वर्षं काही खबर नसेल तर कायदा मृत्यू गृहीत धरतो, नेपाळात १२ वर्षं. बाईने दाखला मागणं म्हणजे तिच्याकडून लिहून घेणं की तो मेला. माझं मत, लेखात ‘बेपत्ता केलेल्यांच्या पत्नी’ असंच लिहा, लांब वाटलं तरी. ‘एकल महिला’ त्यांच्या संघटनांबद्दल बोलताना वापरा.

पैलतीर:
पटलं. आता ‘द्वन्द्वपीडित’. आपल्या वाचकाला द्वंद्व म्हटलं की भीम-दुर्योधन, नाहीतर समास आठवतो.

थेंब:
‘यादवीत पोळलेले’ किंवा सरळ ‘युद्धपीडित’. मात्र ‘द्वन्द्व’ हा शब्द तिथे समझोत्याने आलेला दिसतो हे एका ओळीत सांगा. माओवादी ‘जनयुद्ध’ म्हणायचे, सरकार ‘आतंकवाद’ म्हणायचं. ‘सशस्त्र द्वन्द्व’ दोघांनाही गिळता आला.

कायदेपान:
आणि ‘मेलमिलाप’? दुसऱ्या आयोगाचं नाव ‘सत्य निरूपण तथा मेलमिलाप आयोग’. मराठीत दक्षिण आफ्रिकेच्या आयोगाला कोणी ‘समेट’ लावतं, कोणी ‘सलोखा’. माझं मत ‘सलोखा’ला. समेट दोन पक्षांत होतो आणि नेपाळमध्ये अडचण तीच आहे: समेट वरच्या वर झाला. ज्या पक्षांनी लढाई केली तेच नंतर सरकारात बसले आणि माफीच्या तरतुदी लिहू लागले. पीडितांनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालय गाठलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यायालयाने सांगितलं की पीडिताच्या संमतीवाचून माफी नाही. कायदा दुरुस्त व्हायला ऑगस्ट २०२४ उजाडलं. शांतता करारात दोन्ही बाजूंनी ६० दिवसांत बेपत्ता केलेल्यांची आणि मारलेल्यांची नावं जाहीर करायचं कबूल केलं होतं, हे लक्षात घेतलं की चीड येते.

नंदप्रसाद अधिकारी यांचं उदाहरण लेखात घ्याच. मुलाच्या २००४ मधल्या हत्येसाठी न्याय मागत ते आणि त्यांची पत्नी गंगामाया उपोषणाला बसले आणि सप्टेंबर २०१४ मध्ये काठमांडूच्या वीर रुग्णालयात नंदप्रसाद उपोषणातच गेले. न्याय मिळेपर्यंत अंत्यसंस्कार नाही म्हणून गंगामायांनी पार्थिव स्वीकारलं नाही. या बाईला तुम्ही ‘समेट करा’ म्हणू शकत नाही.

दूरदेशी:
‘नागरिक समाज’, म्हणजे ‘सिव्हिल सोसायटी’, तसाच ठेवावा का? ‘नागरी समाज’ म्हटलं की शहरी असा अर्थ होतो.

पैलतीर:
तसाच ठेवते. राजाच्या सत्तेविरुद्धच्या एप्रिल २००६च्या आंदोलनाआधी राजकीय पक्षांवरचा लोकांचा विश्वास उडालेला असताना देवेंद्रराज पांडे, कृष्ण पहाडी अशी मंडळी रस्त्यावर उतरली, त्या काळात हा शब्द तिथे वजनदार झाला. पुढे परदेशी निधी आला आणि लोक ‘डलरखेती’, म्हणजे डॉलरची शेती, म्हणू लागले. तो शब्द मी लेखात घेणार आहे, पण ज्यांनी गावोगाव फिरून नावं लिहून ठेवली त्यांना त्या एका शब्दात गुंडाळणं अन्यायाचं होईल. इन्सेकसारख्या मानवी हक्क संस्थांनी वर्षागणिक जिल्हावार नोंदी केल्या नसत्या तर आज आयोगापुढे ठेवायला कागदच नसता.

शेवटचा शब्द, ‘परिपूरण’. ‘नुकसानभरपाई’ लिहू?

कायदेपान:
नको. नुकसानभरपाई म्हणजे पैसे, आणि पैशांच्या हप्त्यांना तिथे ‘अन्तरिम राहत’ असा वेगळा शब्द आहे. परिपूरणात उपचार, मुलांचं शिक्षण, राहण्याची सोय, रोजगार असं बरंच काही येतं. ‘परिपूरण’ तसाच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे अर्थ उलगडून सांगा. नाहीतर ‘हानिपूर्ती’.

थेंब:
‘हानिपूर्ती’ नको. पूर्ती होत नाही. ‘परिपूरण’ ठेवा, खाली अर्थ द्या.